मदत हवी आहे: पाळणाघराच्या खर्चासाठी गोव्यात काही सरकारी मदत मिळते का?

फोंड्याची_सून

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज विचारायची वेळ आली.

आम्ही फोंड्यात भाड्याने राहतो. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, नवरा वेर्ण्याला. त्याची कंपनीची बस सकाळी सातला, माझी आठला. मुलगी नऊ महिन्यांची. 26 आठवड्यांची पगारी रजा संपली, पुढे थोडी बिनपगारी काढली, तीही संपत आली. सासूबाई होंड्याहून येऊन दोन महिने राहिल्या, पण त्यांचे गुडघे आणि हिचं रांगणं यांचा मेळ बसेना. एकदा ही पलंगाखाली शिरली आणि सासूबाईंना वाकता येईना, म्हणून शेजारणीला हाक मारावी लागली. माझी आई सावंतवाडीला, आजारी वडिलांना सोडून ती येऊ शकत नाही.

जवळपास दोन पाळणाघरं आहेत. एक जण दोन वर्षांखालचं मूल घेतच नाही. दुसरीकडे सहा महिन्यांपासून घेतात, पण महिना 5,500 रुपये. दूध, पेज, डायपर आपलं. शनिवारचे वेगळे, आणि सहानंतर पोचलं तर दर अर्ध्या तासाचे वेगळे. माझा पगार 22,000, नवऱ्याचा 24,000. त्यातून 9,000 घरभाडं.

शेजारणीला राज्य सरकारच्या गृह आधार योजनेचे महिना 1,500 मिळतात. ती म्हणाली तूही भर अर्ज. चौकशी केली तर नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत हवं. आमचं साडेपाच लाखांवर जातं, म्हणजे बाद. बसमध्ये बसल्या बसल्या हिशेब केला आणि हसू आलं. मी नोकरी सोडली तर नवऱ्याचे एकट्याचे 2 लाख 88 हजार होतात, की आम्ही बसलो योजनेत! घरी बसले तर दीड हजार, कामावर गेले तर शून्य आणि वर साडेपाच हजारांचा खड्डा.

तर विचारायचं हे, की नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या फीसाठी राज्याची किंवा केंद्राची काही योजना आहे का? ‘पालना’ नावाचं काहीतरी ऐकलंय, ते काय आहे? आणि कंपनीकडे काही मागता येतं का? एचआरमध्ये विचारलं तर उत्तर आलं, "आपल्याकडे बायका चौदाच, पाळणाघराला तीस लागतात." कंपनीत माणसं दीडशेच्या वर आहेत.

खाडीपल्याड

आयकरात बघा. प्लेस्कूल, नर्सरीची ट्यूशन फी करपात्र उत्पन्नातून वजा करता येते.

फोंड्याची_सून

आम्हाला करच बसत नाही हो! शिवाय नऊ महिन्यांचं पोर कुठल्या नर्सरीत घालू?

खाडीपल्याड

हो, बरोबर. ते जुनी कर प्रणाली घेणाऱ्यांनाच आहे, आणि नुसत्या सांभाळण्याच्या फीला नाहीच. मागे घेतो.

वाळपईचा_पाऊस

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5,000 मिळतात. भरला का अर्ज?

जुनी_सेविका

ते तिला बसणार नाहीत. कायद्याने पगारी बाळंतपणाची रजा मिळालेल्या बाईला ती योजना नाही. दुसरं मूल मुलगी झाली तर 6,000 देतात, पण अट तीच.

बाय, मी बरीच वर्षं अंगणवाडी चालवली, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आधी अंगणवाडी आणि पाळणाघर यांची गल्लत करू नको. अंगणवाडीत बसायला येतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, तीही सकाळचीच. दुपारी जेवून घरी. तुझ्या मुलीच्या वयाच्या मुलांचा आहार आम्ही आयांच्या हाती देतो, मुलं ठेवून घेत नाही. कितीतरी बायका माझ्याकडे यायच्या, "बाई, ह्याला पाचपर्यंत बसू दे गो." नाही म्हणताना जीव तुटायचा, पण मदतनीस एक आणि खोली एक.

‘पालना’ म्हणजे अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर. आधीची राजीव गांधी पाळणाघर योजना, तिचं पुढे राष्ट्रीय पाळणाघर योजना झालं आणि 2022 पासून केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्ती कार्यक्रमाखाली पालना. देशभर 17,000 अंगणवाडी-पाळणाघरं करायचं ठरवलं आहे. खर्च केंद्राचा 60 टक्के, राज्याचा 40. मूल सहा महिने ते सहा वर्षांचं चालतं, म्हणजे तुझी मुलगी वयात बसते. महिन्याला 26 दिवस, दिवसाला साडेसात तास. जुन्या योजनेत फीसुद्धा ठरवून दिलेली होती: दारिद्र्यरेषेखालच्यांना महिना 20 रुपये, बारा हजारांपर्यंत कमावणाऱ्यांना 100, त्यावरच्यांना 200.

पैसे पाळणाघर चालवायला येतात, आईच्या खात्यात नाही. त्यामुळे तू म्हणतेस तशी फी परत मिळत नाही. जवळ असं केंद्र असेल तर जागा मिळते, नसेल तर काही नाही. फोंड्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कचेरीत जा आणि सरळ विचार, तालुक्यात कुठल्या अंगणवाडीला पाळणाघर मंजूर आहे. लेखी विचार. तोंडी विचारलंस तर "बघूया" मिळेल.

फोंड्याची_सून

200 रुपये! दोनदा वाचलं. पण सेविकाबाई, साडेसात तासांत माझं कसं भागणार? आठला घर सोडते, साडेपाचला परतते. साडेनऊ तास तिथेच गेले.

जुनी_सेविका

नाही भागणार. नियम ज्यांनी केला त्यांनी बस धरून कामावर जाणारी आई डोळ्यांपुढे ठेवलेली नाही, हे मीच सांगते. पण दोन तास शेजारीण आणि बाकी केंद्र असं करणाऱ्या बायका पाहिल्यात.

तिसवाडीतला

केंद्र सरकारी नोकरीत बायकोला बालसंगोपन रजा आहे. सगळ्या नोकरीत मिळून 730 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत, पहिले 365 दिवस पूर्ण पगार, पुढचे 80 टक्के. आमच्या घरी त्यावरच निभावलं. खाजगीत असं काही नाही, म्हणून लिहायला संकोच वाटतो.

सरळ_बोलणारा

एवढी ओढाताण कशाला? नऊ महिन्यांचं लेकरू परक्याच्या घरी ठेवण्यापेक्षा दोन वर्षं घरी बसा. आमच्या आयांनी केलंच ना.

वाळपईचा_पाऊस

तुमच्या आईला घरभाडं 9,000 होतं का? नसेल तर हा धागा मदतीचा आहे, सल्ल्याचा नाही.

कामगार_खात्यापुढचा

एचआरचं उत्तर जुनं आणि अर्धवट आहे, म्हणून लिहितो. 1948 च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर, असं होतं. तीसचा आकडा तिथला. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, तिनेच तुमची रजा 12 वरून 26 आठवडे झाली, आणि तिच्यातच पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं. पन्नास बायका नव्हे, पन्नास माणसं. बाप्येसुद्धा मोजायचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, हे सगळं आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय, पन्नासचा आकडा तसाच ठेवून.

आता व्यवहार. कंपनीने स्वतःच्या आवारातच पाळणाघर बांधायला हवं असं नाही. सरकारी, पालिकेचं, खाजगी किंवा संस्थेचं पाळणाघर वापरता येतं, आणि चार-सहा कंपन्यांनी मिळून एक सामायिक चालवलं तरी चालतं. कुंडईसारख्या वसाहतीत, जिथे फाटकाला फाटक लागून कारखाने आहेत, तिथे हे सहज जमण्यासारखं आहे. दिवसातून चार वेळा आईला मुलाकडे जाऊ द्यायचं, त्यात तिची विश्रांतीची वेळ धरलेली. याशिवाय मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन सुट्ट्या. त्या तुम्हाला आजच लागू आहेत, पाळणाघर असो वा नसो.

अडतं ते एका ठिकाणी. फी कोणी भरायची हे त्या कलमात स्पष्ट लिहिलेलं नाही, आणि सगळी घासाघीस तिथेच होते. काही कंपन्या बाहेरच्या पाळणाघराशी करार करून अर्धी फी उचलतात. तुम्ही तेच मागा. "पाळणाघर बांधा" म्हटलं की व्यवस्थापन घाबरतं. "जे आहे त्याच्याशी करार करा, फीचा वाटा उचला" म्हटलं तर निदान बसून बोलतात.

एकट्या जाऊ नका. लहान मुलं असलेले बापही सहीला घ्या, सगळा भार चौदा बायकांवर कशाला? पत्र लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महिनाभरात उत्तर नाही आलं तर पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवन आहे, तिथे कामगार आयुक्तांचं कार्यालय. भांडायला नव्हे, अर्ज द्यायला जायचं.

फोंड्याची_सून

तीस आणि पन्नास यांतला घोळ आत्ता कळला. तुमचा तीसचा परिच्छेद फोटो काढून नवऱ्याला पाठवला. तो म्हणतो, वेर्ण्यालाही असंच पत्र द्यावं का?

कामगार_खात्यापुढचा

द्यावंच. पाळणाघर आस्थापनेचं असतं, बाईचं नव्हे. चार फेऱ्यांची सवलत मात्र आईलाच आहे. आणि गृह आधारचा राग धरू नका. ती गृहिणींना महागाईत हातभार म्हणून काढलेली, मूल सांभाळायला नव्हे. तुमच्या हिशेबातला विनोद खरा आहे, पण अर्ज त्या दारात करून उपयोग नाही.

फोंड्याची_सून

राग नाही, बसमधला वेळ गेला एवढंच. बाल विकास कचेरीत मंगळवारी जाईन, त्या दिवशी दुसरी शिफ्ट आहे. कंपनीच्या पत्रावर आतापर्यंत पाच सह्या झाल्या, त्यातल्या दोन पुरुषांच्या. पॅकिंगमधले एक काका सही करताना म्हणाले, "माझी मुलं कॉलेजात आहेत गो, पण नात येतेय." त्यांची सही सर्वांत वर घेतली.

पोच मिळाली की इथे कळवते. तोवर 5,500 भरून पहिला महिना सुरू केला आहे. देव बरें करूं सगळ्यांचं.

जुनी_सेविका

मंगळवारी जाताना मुलीचा जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड सोबत ने. आणि मुलीला घेऊनच जा. कडेवर पोर असलं की खिडकीवर लवकर बघतात.