घर बघण्याआधी लाटेचा पिरियड बघा
सर्फिंगला बरं आणि खिशाला परवडणारं गाव शोधायचं कसं विचारलंयत, तर माझं मत, फेमस स्पॉटच्या गावात घर बघूच नका, त्याच किनाऱ्यावर पुढेमागे 20-30 किमीवर बघा, स्वेल, म्हणजे खोल समुद्रातून लांबून येणाऱ्या लाटा, बहुतेक तोच असतो, फक्त किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते मॅपवर तपासा. आणि फोरकास्टमध्ये नुसती उंची काय बघता, पिरियड बघा, म्हणजे एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते ते! 1 मीटरची लाट 12 सेकंदांची असेल तर मजा, 5 सेकंदांची असेल तर नुसती खळबळ. बाकी ऑफ सीझनला महिनाभर भाड्याने राहून बघाच, खाऱ्या हवेने माझ्या सायकलची चेन दोन आठवड्यांत गंजून लाल झालेली, तेव्हा कळलं भाडं एवढं कमी का ते.