मदत हवी आहे: एरियल सिल्कचा क्लास, कोथरूड-डेक्कनजवळ

नमस्कार. मला आणि मैत्रिणीला छताला टांगलेल्या कापडावर चढतात ते एरियल सिल्क शिकायचंय. रविवारी एका ठिकाणी ट्रायल केली. पायाला कापडाचा वेढा घेऊन उभी राहिले, पावलावरचे वळ संध्याकाळपर्यंत होते, तरी खाली उतरावंसं वाटेना! पण गादी फारच पातळ, आणि वरचा हुक कशात बसवलाय विचारलं तर सरांनी विषयच बदलला. तिथे परत जाणार नाही.

मैत्रिणीचा खांदा 2 वर्षांपूर्वी निखळला होता, म्हणून जास्त काळजी वाटते. आधी दोरीचा मल्लखांब करून पकड तयार करावी का? त्यातही पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोर धरून वेढे घेतातच. पस्तिशीपुढच्या नवशिक्यांना नीट शिकवणारं कुणी माहीत आहे का? संध्याकाळी 7 नंतरची बॅच हवी.