हिवाळाभर उभी ठेवलेली मोटारसायकल सुरू होत नाही : सल्ला हवा आहे

बर्फाळवाट
नमस्कार. मी कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतात राहतो. माझ्याकडे २००३ सालची, ६५० सीसीची, दोन सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारे भाग) असलेली मोटारसायकल आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती घरालगतच्या गॅरेजात झाकून ठेवली. तिथे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. बॅटरी गाडीतच होती, टाकी निम्मी भरलेली होती, आणि जानेवारीत एकदा दहा मिनिटे इंजिन चालवले, तेव्हा ते लगेच सुरू झाले होते. आता मार्च संपत आला आहे आणि बटण दाबले की सीटखालून नुसता टकटक आवाज येतो. शेजाऱ्यांच्या कारच्या बॅटरीला केबल जोडल्यावर इंजिन जोमाने फिरले, चोक (थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारी खुंटी) पूर्ण ओढल्यावर तीन-चार सेकंद चालले आणि बंद पडले. चोक कमी केला तर ते अजिबात पेटत नाही. माझ्याकडे पाने, स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर आहे. कार्ब्युरेटर मात्र कधी उघडलेला नाही. सुरुवात कुठून करावी?

पेठकर
किल स्विच (हँडलवरचा, इंजिन झटकन बंद करणारा), साइड स्टँडचा स्विच आणि क्लचचा स्विच आधी तपासावेत. अनेक महिने न हललेल्या स्विचांचे संपर्क गंजतात आणि माणूस उगाच इंजिन उघडून बसतो.

जुना फिटर
पेठकरांचा सल्ला एरवी योग्य आहे, परंतु इथे इंजिन फिरले आणि काही सेकंद चाललेही, म्हणजे ठिणगी पडते आहे आणि ते स्विच तूर्त बाजूला ठेवता येतील. तुमच्या गाडीत दोन स्वतंत्र बिघाड आहेत असे मला वाटते आणि ते एकत्र पाहिल्यास गोंधळ होईल.

पहिला बिघाड बॅटरीचा. टकटक आवाज हा स्टार्टरच्या रिलेचा, म्हणजे स्टार्टर मोटरला वीज जोडून देणाऱ्या स्विचचा आहे. रिले ओढण्यापुरता विद्युतदाब बॅटरीत आहे, पण मोटर फिरवताना तो कोसळतो. बॅटरी काढून आधी तिचे कवच फुगलेले किंवा तडकलेले नाही ना ते पाहा, कारण उतरलेल्या बॅटरीतील द्रव शून्याखाली काही अंशांवरच गोठू शकतो आणि गोठलेली बॅटरी चार्ज करणे धोक्याचे असते. कवच ठीक असेल तर घरात आणून, क्षमतेच्या सुमारे एक दशांश प्रवाहाने, म्हणजे १० अँपिअर-तासांची असेल तर १ अँपिअरने चार्ज करा आणि रात्रभर न जोडता ठेवून सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती वाचली. १२ च्या खाली घसरली असेल तर नवी घ्यावी. केबल पुन्हा जोडाव्या लागल्या तर कारचे इंजिन बंदच असू द्या.

दुसरा बिघाड इंधनाचा, आणि तोच मुख्य आहे. चोकला पेट्रोल देणारी वाट वेगळी असते. चोकवर क्षणभर चालणारे आणि तो काढताच मरणारे इंजिन बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगते : पायलट जेटमध्ये, म्हणजे इंजिन संथ चालताना पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीत, कचरा अडकला आहे. त्या जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. फ्लोट बोलमध्ये (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत) थोडेसेच पेट्रोल मावते. त्यातील हलके घटक उडून गेले की मागे चिकट राळ उरते आणि ती नेमकी त्या छिद्रात बसते. शिवाय पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतील ओलावा शोषून घेते.

म्हणून आधी बोलच्या तळाचा स्क्रू सैल करून दोन्ही बाजूंचे पेट्रोल वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत काढा. रंग तपकिरी असेल, वार्निशसारखा वास येत असेल किंवा तळाशी पाण्याचे थेंब दिसत असतील, तर टाकीही रिकामी करून ताजे पेट्रोल भरा. इंधनाची तोटी व्हॅक्यूमवर (चालू इंजिनच्या ओढीने) उघडणारी असेल तर ती ‘प्राइम’वर, म्हणजे इंजिन बंद असतानाही पेट्रोल सोडणाऱ्या खुणेवर, ठेवल्याशिवाय बोल भरणार नाहीत. एवढ्यानेही फरक पडला नाही, तर बोल उघडून जेट काढावेच लागतील. जेट पितळेचा असतो, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच वापरा. क्लिनर मारा, तांब्याच्या वायरीची एकच तार छिद्रातून अलगद फिरवा आणि उजेडासमोर धरून आरपार दिसते का ते पाहा. पोलादी तार नको, तिने छिद्र मोठे होते. हे काम दार उघडे ठेवून, ठिणगी आणि हीटरपासून दूर करा.

संत्रानगरी
एअर फिल्टरचा डबाही उघडून पाहावा. थंडीत उंदीर तिथे घरटे करतात. आमच्याकडे नागपुरात बर्फ नाही, परंतु २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून पावसाळाभर उभ्या राहिलेल्या माझ्या जुन्या गाडीच्या बोलमध्ये मलाही पाणी सापडले आहे.

बर्फाळवाट
सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार्ज केलेली बॅटरी सकाळी ११.८ व्होल्टवर आली, त्यामुळे नवी बसवली. डाव्या बोलमधील पेट्रोल चहासारखे तपकिरी निघाले आणि डाव्या पायलट जेटमधून उजेड दिसत नव्हता. दोन्ही जेट साफ करून ताजे पेट्रोल भरल्यावर इंजिन सुरू झाले आणि दोन मिनिटांत चोकशिवाय स्थिर चालू लागले. एक प्रश्न उरतो : ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या आत पांढुरका थर दिसतो आहे, तो काळजीचा आहे का?

जुना फिटर
बहुधा ते जानेवारीच्या दहा मिनिटांचे पाणी आहे. पेट्रोल जळताना वाफ तयार होते आणि इंजिन पुरेसे तापले नाही, तर तिचे पाणी होऊन ते ऑइलमध्येच राहते. तेवढ्या वेळात बॅटरीही भरून निघत नाही, म्हणून हिवाळ्यात मध्येच इंजिन चालवू नये. अर्धा तास रस्त्यावर चालवून ऑइल गरम असतानाच ते फिल्टरसह बदला. नंतर तो थर पुन्हा दिसला, आणि तुमचे इंजिन पाण्याने थंड होणारे असेल, तर कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी तपासा. येत्या नोव्हेंबरात टाकी काठोकाठ भरून स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे द्रावण) घाला, ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचावे म्हणून गाडी थोडी चालवा, मग बोल रिकामे करा आणि बॅटरी घरात आणा.