तंगूस जाळ्यात कासवं अडकायलेत, काय करावं?

गोदाकाठ_पैठण
नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या) फुगवट्यात कटला-रोहूसाठी तंगूस जाळी, म्हणजे बारीक नायलॉन धाग्याची उभी जाळी, संध्याकाळी सोडतात, सकाळी काढतात. पाणी उतरायला लागलं तसं जाळ्यात कासवं यायलीत, बहुतेक मऊ पाठीची. काही मेलेलीच निघतात, शिवाय जाळं फाटतं ते वेगळंच. समुद्रात बोटींच्या जाळ्याला कासव सुटायची सोय असते म्हणे. ती इथं बसेल का? अन् जिवंत कासव सोडवायचं कसं? लई चावतं ते.

जाळं_आणि_आस
ती सोय म्हणजे टेड. ओढत्या ट्रॉल जाळ्याच्या पिशवीत तिरपी जाळी बसवतात, गजांत जास्तीत जास्त चार इंच अंतर. मासळी गजांतून मागे जाते, कासव गजांना अडून झडपेतून बाहेर पडतं. तुमचं जाळं भिंतीसारखं उभं, त्याला पिशवीच नाही. तेव्हा टेड विसरा.

मूळ दुखणं वेळेचं आहे. कासव जाळ्यात अडकलेला मासा खायला येतं आणि स्वतःच गुंततं. त्याला फुप्फुसं असतात. धडपडीत दम लवकर संपतो, उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात तर आणखी लवकर. बारा तास जाळं पाण्यात राहिलं तर ते वाचणार कसं? दोन-दोन तासांनी फेरी मारा, निदान पहाटेच्या आत एकदा तरी. मासाही ताजा निघतो, भोकंही कमी पडतात. वरच्या दोरीला बोया वाढवून जाळं पृष्ठभागाशी ठेवलं तर वरच्या भागात गुंतलेलं कासव नाक वर काढू शकतं. उथळ गाळाची कड आणि वाळूचे काठ टाळा.

गोड्यापाण्याचं_कासव
सोडवताना जाळं ओढू नका, ओढलं की तंगूस मानेत रुततो. आधी डोक्यावर ओलं पोतं टाका. मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते, पाठीच्या बऱ्याच भागापर्यंत मागं वळते. म्हणून कवचाची मागची कड, मागच्या पायांजवळ, दोन्ही हातांनी धरा. शेपटीला धरून उचलू नका. बोथट टोकाच्या कात्रीनं आधी मानेभोवतीचे धागे कापा, मग पायांचे. चार आस (जाळ्याचे चौकोन) गेले तर जातील, जाळं सांधता येतं. एकही धागा अंगावर राहू देऊ नका, पुढं तोच पाय कापतो.

गळ गिळला असेल तर उपटायचा नाही. दोरी तोंडाबाहेर थोडी ठेवून कापा आणि वन विभागाला कळवा, टोल फ्री १९२६.

गोदाकाठ_पैठण
हालचालच नसली तर मेलं समजायचं का?

गोड्यापाण्याचं_कासव
लगेच नाही. समुद्री कासवांसाठीची पद्धत इथंही वापरता येते. पोट खाली ठेवून मागचा भाग सहा इंच उंच करा, सावलीत ठेवा, अंगावर ओलं फडकं. अधूनमधून एका बाजूनं तीन इंच उचला, मग दुसऱ्या बाजूनं. डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हळूच स्पर्श करून प्रतिसाद बघत राहा. चार तासांपासून चोवीस तासांपर्यंत वाट बघतात. उताणं करू नका, पोट दाबू नका, आणि शुद्ध येण्याआधी पाण्यात तर मुळीच सोडू नका, बुडून मरेल.

काठावरचा_भोई
दोन गोष्टी राहिल्या. पाणी उतरल्यावर झुडपांत अडकलेली फाटकी जाळी तिथंच टाकून देतात. तंगूस कुजत नाही, पुढच्या भरतीत तीच जाळी मालकाविना मासे अन् कासवं धरत बसतात. ती काढून आणा.

गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, करताना काठाच्या मातीत पांढरी गोल अंडी दिसली तर हलवू नका. घातल्यावर साधारण दिवसभरात गर्भ कवचाला वरच्या बाजूनं चिकटतो, अंडं फिरलं की मरतो. चार काठ्या रोवा अन् नांगर बाजूनं न्या.

अन् मेलेलं कासव घरी नेऊन शिजवायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे, मांस सापडलं तरी तीन ते सात वर्षांची शिक्षा.