स्कार म्हणजे व्रण, वण की डाग?

नौपाड्याची निमा: ठाण्यातल्या एका कॉस्मेटिक सर्जनचं संमतीपत्र मराठीत तपासतेय. टमी टकच्या, म्हणजे पोटाची सैल कातडी काढायच्या ऑपरेशनच्या, पानावर छापलंय, 'व्रण कायम राहील.' परवा एक मावशी ते वाचून उठल्याच. 'जखम भरणारच नाही? मग आहे ते पोट बरं.' स्कारला काय लिहू?

घंटाळीचे नाना: 'वण'. व्रण म्हणजे जखम, ती भरल्यावर उरतो तो वण. नेमका शब्द घरात असताना अडायचं कशाला?

खाडीपलीकडचा: माझ्या आजीच्या गालांवर 'देवीचे व्रण' होते, सगळं घर तसंच म्हणायचं. ती काय जन्मभर जखमी होती?

घंटाळीचे नाना: तुमचं घर म्हणजे शब्दकोश नव्हे. वण व्रणापासूनच आला, पण अर्थाने केव्हाच वेगळा निघाला.

सिस्टर_नेरुळ: ओपीडीत दोन्ही चालत नाहीत. पेशंट 'डाग' म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. बाई विचारते, 'डाग जाईल ना?' डॉक्टर म्हणतात, 'वर्ष-दीड वर्षात फिका पडेल.' ती घरी सांगते, जाणार आहे! आमचे सर आता पेशंटला आरशासमोर उभं करून पेनाने रेघच ओढतात, खाली ओटीपोटावर, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत. 'एवढी राहणार. कपड्याखाली झाकेल, पण राहणार.' मग खरे प्रश्न निघतात. टाके विरघळणारे का? रेघ फुगली तर? लेकीच्या लग्नात साडी कुठे नेसू?

खाडीपलीकडचा: मग 'रेघ'च लिहा की.

घंटाळीचे नाना: संमतीपत्र आहे, रांगोळी नव्हे.

तलावपाळी_वॉकर: आमच्या सोसायटीत अजून समजतात, प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक भरतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवण्याजोगं. आणि विद्या आपलीच, सुश्रुताची. 1794 साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाची हकीकत आली होती. कपाळाच्या कातडीने त्याचं नाक पुण्याकडे बसवलं होतं.

घंटाळीचे नाना: आणि कपाळावर वण राहिलाच असणार!

नौपाड्याची निमा: नाना, फॉर्म सोमवारी छापायला जायचाय. 'जखम भरल्यावरची खूण (वण) कायम राहील' चालेल?

घंटाळीचे नाना: कंस म्हणजे शरणागती.

सिस्टर_नेरुळ: चालेल, 'कायम' ठळक कर. त्याच पानावर 'भूल दिली जाईल' असेल, तेही बघ. आमच्याकडे एक आजोबा विचारत होते, भूल म्हणजे गुंगीच ना?

खाडीपलीकडचा: नाही हो, दाताच्या डॉक्टरकडे भूल देतात, गुंगी कुठे येते?

घंटाळीचे नाना: इथे 'बधिरीकरण' हवं.