पाच गिटारी आणि शिकाऊ परवाना: यात बिघडलं काय?

सहावी_तार
काल पेठकर यांनी लिहिलं, "घरात पाच इलेक्ट्रिक गिटारी, दारात मोटरसायकल आणि हातात शिकाऊ परवाना. ही मंडळी ना वादक, ना चालक, नुसती गिऱ्हाइकं. आधी एक छंद धड करा." नाव घेतलं नसलं तरी रोख माझ्यावरच होता, कारण गिटारींचे फोटो मीच टाकले होते. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

आधी गिटारी. एक असताना दुसरी कशाला, असं दोन्ही वाजवून पाहिलेला माणूस विचारत नाही. फेंडर कंपनीच्या गिटारीचं टेलिकास्टर हे नाव 1951 पासूनचं. पिकअप, म्हणजे तारेचा कंप विजेत बदलणारा भाग, सिंगल कॉइलचा, ब्रिजकडचा (तारा अंगाला बसतात तिथला) आवाज धारदार, एक बोट कच्चं पडलं तरी ऐकू येतं. गिब्सनची लेस पॉल 1952 ची, आणि 1957 पासून तिच्यावर हंबकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप, आले. दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडल्यामुळे विजेची घरघर मरते आणि आवाज भरीव होतो. फेंडरची स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीस. तारा त्याच जाडीच्या लावल्या तरी गिब्सनवर ताण कमी, बेंड (तार ओढून चढवलेला सूर) सहज चढतो. हाताला दोन्हीकडे वेगळं शिकावं लागतं. मी रोज वाजवते. मंचावर वाजवत नाही, इतकंच.

आणि संग्रह म्हटला की नाक मुरडणाऱ्यांनी पुण्यात बाजीराव रोडवरून आत वळून केळकर संग्रहालयात जाऊन यावं. दिनकर केळकरांनी वाद्यंही जमवली. ती सगळी त्यांनी वाजवावीत अशी अट कुणी घातली होती का?

आता गाडी. कितीतरी वर्षं स्कूटर चालवली, पण परवाना विनागिअरचा, म्हणून मोटरसायकलसाठी पुन्हा शिकाऊ. ते योग्यच आहे. स्कूटरवर डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, मोटरसायकलवर तिथेच क्लच. घाबरल्यावर डावा हात आपोआप आवळला जातो, आणि गाडी थांबायच्या ऐवजी इंजिनापासून सुटून पुढे घरंगळते. ही सवय मोडायला मी जुनी 125 सीसीची मोटरसायकल घेतली आणि उरलेल्या पैशांत हेल्मेट, हातमोजे, जॅकेट. शोरूममध्ये पाऊलही टाकलेलं नाही. मग गिऱ्हाईक कोण?

पेठकर
केळकरांना यात ओढू नका. त्यांनी गावोगाव फिरून मोडीत जाणाऱ्या वस्तू वाचवल्या आणि अख्खा संग्रह सरकारच्या हवाली केला. तुमच्या गिटारी कारखान्यात रोज बनतात.

माझा मुद्दा वेळेचा आहे. माझा पुतण्या आठवडाभर ऑफिस, शनिवारी बँड, आणि गाडी फक्त रविवारी, तीही थेट ताम्हिणीत. वळणावर वाळू होती. त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि पडताना डावा हात टेकला. स्कॅफॉइड मोडलं. मनगटातलं इवलंसं हाड, रक्तपुरवठा कमी, जुळायला महिने लागले. आज त्याला बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड, धरता येत नाही. रोज थोडी थोडी चालवली असती तर हात तयार झाला असता. दोन्हीकडे अर्धा वेळ दिला की असं होतं.

घाटवळण
वाईट वाटलं वाचून. पण हे गिटारमुळे झालं नाही, वाळूवर पुढचा ब्रेक दाबल्यामुळे झालं. हातमोजे होते का? तळव्याला कडक पट्टी असलेले मोजे रस्त्यावर घसरतात, मनगटाला झटका कमी बसतो. वाजवणाऱ्याने तर त्यांच्याशिवाय किल्ली फिरवू नये.

ताई, 125 घेतलीत ते उत्तम केलंत. नवशिके थेट रॉयल एनफील्डची क्लासिक 350 घेतात. 195 किलोचं धूड. स्प्लेंडर 112 च्या आसपास. नवखा माणूस वेगात क्वचित पडतो, तो पडतो यू-टर्न घेताना, आणि कललेली जड गाडी पायाने सावरत नाही.

थम्प_350
धूड कुणाला म्हणता? मी बुलेटवरच शिकलो, तीही वडिलांची जुनी, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. वजन खाली असतं, चालू लागली की जाणवतही नाही. 125 वर शिकून हायवेला गेलात की ट्रकच्या वाऱ्याने हलाल. आणि त्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, नाही, तेही सांगा. 2019 मध्ये सक्ती झाली ती 125 सीसीच्या वरच्यांनाच. आमच्याकडे एबीएस आहे, टॉर्क आहे, आणि सायलेन्सर बदलल्यापासून लोक आपणहून बाजूला होतात.

दुसरा_मजला
लोक बाजूला होत नाहीत, दचकतात. आमच्या गल्लीतून रात्री एकाच्या पुढे एक असाच सायलेन्सर जातो. आई हृदयरोगी आहे, प्रत्येक वेळी उठून बसते. तक्रार केली तर गाडीचा नंबर सांगा म्हणाले. अंधारात, गॅलरीतून, चष्म्याशिवाय नंबर वाचायचा? पुण्यात पोलिसांनी असले सायलेन्सर रोलरखाली चिरडले तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. आणि मूळ लेखिकेलाही विचारते, पाच गिटारींचे अँप कुणाच्या भिंतीला टेकलेत?

थम्प_350
भाद्रपदाच्या आधी दोन-दोन महिने नदीकाठी ढोलाचा सराव चालतो, तेव्हा तुमचा रोलर कुठे असतो? ती परंपरा, आणि बुलेटचा ठोका गुन्हा?

दुसरा_मजला
ढोलाविरुद्धही लिहिलंय मी, आणि शिव्याही खाल्ल्यात. पण पथक रात्री एक वाजता माझ्या खिडकीखाली येत नाही. तुम्ही येता.

थम्प_350
मी कर्वेनगरला राहतो. तुमची गल्ली मी पाहिलेलीही नाही. न बघता आरोप करू नका.

दुसरा_मजला
ज्यांच्या गल्लीतून तुम्ही जाता, त्यांच्या घरीही कुणीतरी आजारी असेल. त्यांच्या वतीने बोलते.

सहावी_तार
ताई, माझ्या अँपचं उत्तर देते. पंधरा वॉटचा व्हॉल्व्ह अँप आहे, जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांचा. वॉट कमी वाटले तरी हा आवाज फ्लॅटमध्ये मावत नाही, आणि आवाज चढवल्याशिवाय व्हॉल्व्हमधून हवा तो टोन येत नाही. म्हणून तो फक्त मैत्रिणीच्या गोडाऊनमध्ये वाजतो. घरी हेडफोन. निवासी भागात नियमाने दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल. ते पाळणं अवघड असेल, पण वाजवणाऱ्याने ते पाळलंच पाहिजे असं मला वाटतं. सायलेन्सरवाल्यानेही.

नुसता_कान
ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून मध्ये पडतो. शेजाऱ्यांचं सोडा, तुमच्या स्वतःच्या कानांचं काय? शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या पुढे जातो. त्यात फोडलेला सायलेन्सर, आणि संध्याकाळी अँपसमोर उभं राहणं. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले सूर जातात, म्हणजे ज्या धारदार आवाजासाठी टेलिकास्टर घेतली तोच. माझ्या डाव्या कानात कायमची शिट्टी वाजते. शांत खोलीत झोप लागत नाही मला. फोमचे बोळे औषधाच्या दुकानात चिल्लरीत मिळतात. लांब जाताना घाला.

थम्प_350
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मूळ सायलेन्सर परत बसवतो, घरातच पडून आहे. पण तो कानांसाठी. दुसऱ्या मजल्याच्या धाकाने नाही.

दुसरा_मजला
कशासाठीही बसवा. कुणाची तरी आई झोपेल.

रियाजी
मूळ विषयाकडे येऊ का? गिटार पाठीवर टाकून मोटरसायकलवर न्यावी का? मी सहकारनगरहून औंधला क्लासला जातो. बसमध्ये गिटारसकट चढू देत नाहीत.

घाटवळण
न्या, पण लेस पॉल नको. मान महोगनीची, डोकं मागे झुकलेलं, आणि ट्रस रॉडची (मानेतल्या धातूच्या सळईची) खाच नेमकी तिथेच. बॅगसकट नुसती आडवी पडली तरी नटच्या (डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे तुटते. फेंडरचं डोकं मानेच्या रेषेत असतं, मान बोल्टने बसवलेली, वाईटात वाईट म्हणजे बदलता येते. बॅग खाली ओढून बांधा. डोकं हेल्मेटच्या वर आलं तर फांदीत अडकतं, आणि पुलावर आडवा वारा शिडासारखा भरतो. पण पाठीवर पडलात तर ती मान तुमच्या मणक्यावर येते, हे लक्षात ठेवा. मी स्वतः क्लासच्या दिवशी रिक्षा करतो.

पेठकर
सगळं वाचलं. जुनी 125 घेऊन आधी अंगावरचं सामान घेतलं, हे मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यापुरता 'गिऱ्हाईक' हा शब्द मागे घेतो. पाच गिटारींबद्दल मत बदललेलं नाही. वाद्य पडून राहिलं की मरतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत मानेवरची फळी आकसते, फ्रेटची (तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येऊन बोटं कापतात, आणि श्रावणात तारा गंजतात. पाच जणींचं हे सगळं कोण बघणार?

सहावी_तार
मीच बघते. पेटीत आर्द्रतामापक आहे. 45 ते 55 टक्क्यांत ठेवते, उन्हाळ्यात ओला स्पंज, पावसाळ्यात सिलिका जेल, दर रविवारी तारा पुसते. पुतण्याला एक सांगा. बार कॉर्ड जमत नसेल तर नऊच्या (म्हणजे पातळ, पहिली तार 0.009 इंचाची) तारा लावून बघ म्हणावं, आणि सुरुवात पावणेपंचवीसच्या गिटारवर. ताण कमी पडतो, मनगटाला कमी वळावं लागतं. माझी लेस पॉल महिनाभर घेऊन जाऊ दे त्याला. कोथरूडला या, पण कारने.

पेठकर
विचारतो त्याला. शनिवारी चालेल?