मदत हवी आहे: १४ वर्षांखालील मुलींचा खो-खो संघ, आक्रमणात फाउल थांबत नाहीत

माळरान:
गावातल्या शाळेचा संघ आहे, १२ मुली. पळायला सगळ्या चपळ आहेत, पण आक्रमणाला बसल्या की शिट्टीवर शिट्टी. हाताशी आलेला गडी (पळणारी मुलगी) फाउलमुळे सुटतो. तालुका स्पर्धेला महिना उरलाय. फाउल नेमके कुठे होतात आणि ते कसे काढायचे? दुसरं, खांबावरचा सूर (खांब धरून गड्यावर घेतलेली झेप) आत्ता शिकवावा का? मैदान मुरमाचं आहे. तिसरं, पळतीच्या तिघी-तिघींच्या तुकड्या कशा लावाव्यात?

खुंटकरी:
आधी मुली पाटीवर, म्हणजे आखलेल्या पट्ट्यावर, बसतात कशा ते बघा. निम्मे फाउल तिथेच जन्मतात. टाचांवर बूड टेकवून बसलेली मुलगी खो मिळाल्यावर आधी पुढे झुकते, मग उठते. त्यात उशीर होतो, म्हणून पुढच्या वेळी ती खो यायच्या आधीच उठते आणि फाउल होतो. बूड उचललेलं हवं, भार चवड्यांवर, एक पाय किंचित मागे, दोन्ही हातांची बोटं समोर जमिनीला. मान वळवून गडी दिसला पाहिजे.

दुसरा फाउल खो देणारीचा. पाठीवर हात आणि तोंडातून ‘खो’ एकाच वेळी यायला हवं. मुली हात लावतात आणि शब्द अर्ध्या श्वासाने मागून येतो. काही जणी वेगात त्या पाटीच्या पुढे निघून जातात आणि हात मागे टाकून खो देतात. आडवी पाटी (बसलेलीच्या जागेतून जाणारा आडवा पट्टा) ओलांडली की तो खो गेला, पुढच्या मुलीला द्यायचा.

तिसरा, आणि या वयात सगळ्यात जास्त होणारा, दिशेचा. उठलेल्या मुलीचा खांदा एकदा उजव्या खांबाकडे वळला की तिला तिकडेच जावं लागतं. गड्याने हुलकावणी दिली की ती परत फिरते, की वाजली शिट्टी. डावीकडचा गडी हवा असेल तर पुढे जाऊन खो द्यायचा, किंवा खांबापलीकडे मुक्त क्षेत्रात जाऊन वळायचं. मधली पाटी, म्हणजे दोन खांबांना जोडणारा पट्टा, तर कुठेच ओलांडायची नाही.

सराव साधा आहे. आठ जणी बसवा, नववी उठलेली, पळणारं कुणी नाही. नुसता खो फिरवायचा, ३० सेकंदांत किती बिनफाउल खो झाले ते मोजायचं. एक फाउल झाला की मोजणी शून्यावर. आठवडाभर रोज १० मिनिटं एवढंच करा. गडी आत सोडायची घाई नको, गडी दिसला की मुली पाटी विसरतात.

फक्कीवाला:
वर एक राहिलं. तिसरा गडी बाद झाला की जिने बाद केला तिने नव्या तुकडीमागे धावायचं नसतं, लगेच खो द्यायचा. आनंदाच्या भरात मुली हे हमखास विसरतात.

सुराबद्दल: मुरमावर अजिबात नको, कोपर-गुडघे सोलून निघतील आणि मुली जमिनीला घाबरायला लागतील. आधी लांब उडीच्या वाळूत शिकवा. गुडघ्यावर बसून, मग उकिडवं, मग दोन पावलं धावून. हनुवटी वर, आधी तळहात, मग छाती-पोट सरकत जमिनीला. कोपर आधी टेकलं तर खांद्याला झटका बसतो. एका महिन्यात दोघी-तिघींना जमलं तरी पुष्कळ, बाकीच्यांनी खांब एका हाताने धरून वाकून गडी टिपायला शिकावं. खांब १२० ते १२५ सेंमी उंच, तासून गुळगुळीत केलेला आणि घट्ट गाडलेला हवा. हलणारा खांब धरायला मुली कचरतात.

मैदानातले खडे वेचा, वर चाळलेली लाल माती पसरा, संध्याकाळी पाणी मारा, सकाळी ओल असताना रोलर फिरवा. रेषांना फक्कीच (पांढरी भुकटी) वापरा. कळीचा चुना डोळ्यांत गेला तर महागात पडेल.

माळरान:
धन्यवाद दोघांनाही. तुकड्यांचं?

खुंटकरी:
सगळ्यात दमदार तिघी एकत्र नकोत. प्रत्येक तुकडीत एक तरी टिकणारी हवी. पहिली तुकडी मात्र जरा भक्कम ठेवा, आक्रमणाच्या मुली तेव्हा ताज्या असतात. पळतीत एकेरी साखळी (बसलेल्या एकेकीला वळसा घालत पळणं) आधी पक्की करा. दुहेरी साखळी (दोघी-दोघींना वळसा) दिसायला छान, पण चुकली की गडी दोन पाट्यांमध्ये अडकतो. नजर उठलेल्या मुलीच्या खांद्यावर ठेवायची, हातावर नाही. खांबाजवळ रेंगाळू देऊ नका. मुक्त क्षेत्रात आक्रमणाला दिशेचं बंधन नसतं, त्यामुळे बहुतेक मुली तिथेच बाद होतात. आणि तिघींपैकी शेवटची बाद होण्याआधीच पुढच्या तिघी रेषेजवळ उभ्या पाहिजेत. आत यायला दोन खो होईपर्यंतच वेळ मिळतो, त्यानंतर बाहेर राहिलेली बाद.